जांगल देशाचे ऋण

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत मंचरकडून अवसरी बुद्रुकच्या रस्त्याने जाताना एकाच नजरेत दोन निराळी दृश्ये भरतात. कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या शिवारात ऊस उभा असतो, बांधांवर गवत हिरवे असते. थोडे उंचावर, जिथवर पाट पोहोचत नाही, तिथे मुरमाड माळ उघडा पडलेला असतो. नवख्या माणसाला वाटते, येथे आता जिवंत असे काही उरलेले नाही. वैद्याने मात्र त्या माळावर तासभर पायी हिंडून पाहावे. गवत करपलेले असताना तरवड हिरवा असतो. रुई भर उन्हात फुललेली असते. काटेरिंगणी जमिनीला चिकटून आपली जांभळी फुले मिरवते. बोरीच्या जाळीत शतावरीची सुकलेली काडी दिसते आणि तिच्याखाली मातीत मुळांचा टपोरा झुबका दडलेला असतो. कुंपणाला निवडुंग, बाभळीवर गुळवेल आणि पायाला बोचणारा गोखरूचा सराटा, ही तर प्रत्येक माळाची ओळख होय. महसुलाच्या दप्तरात या जमिनीला 'पोटखराबा', 'पडीक' किंवा फार तर 'गायरान' म्हणतात. आम्हा वैद्यांच्या आणि औषधनिर्मात्यांच्या दप्तरात तिला काय म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या संहितांनी ज्याला जांगल देश म्हटले, तो आपल्या औषधालयाचा एक मोठा कप्पा आहे. त्या कप्प्यातील द्रव्यांचे गुण बऱ्याच अंशी कोरडेपणाशी झुंजण्यातून आलेले आहेत. तरीही द्रव्य विकत घेताना आपण त्याचा 'देश' विचारणे सोडून दिले आहे आणि तो देश डोळ्यांदेखत नाहीसा होत असताना आपण गप्प आहोत. हे दोन्ही प्रमाद एकाच विस्मृतीचे आहेत.

एका तालुक्यात तीन देश

आंबेगाव तालुका हा या दृष्टीने एक उघडा ग्रंथच आहे. पश्चिमेला भीमाशंकरचे दाट अरण्य आहे. तेथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. सह्याद्रीची धार ओलांडून पूर्वेकडे निघालो की पाऊस झपाट्याने ओसरतो. घोडेगाव, मंचर, अवसरी असे पुढे जावे तसतशी झाडे ठेंगणी होतात, पाने लहान होतात, काटे वाढतात आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला तर पिण्याच्या पाण्याचीही ददात पडते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. ते तिन्ही पाहण्यासाठी आपल्याकडील वैद्याला अर्ध्या दिवसाचा एस.टी.चा प्रवास पुरतो.

चरकांचे जांगल देशाचे वर्णन वाचताना हाच माळ समोर उभा राहतो. विस्तीर्ण आकाश, कोरडा व खरखरीत वारा, वाळू आणि खडी, दूरवर भासणारे मृगजळ, लावा-तित्तिरांसारखे पक्षी आणि खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, शमी असे वृक्ष तेथे सांगितले आहेत. त्याच अध्यायात औषधिद्रव्ये साधारण किंवा जांगल देशातून, योग्य काळी घ्यावीत असा स्पष्ट निर्देश आहे. या निर्देशाकडे आपण परीक्षेपुरते पाहिले आणि पुढे विसरलो. वास्तविक तो निर्देश म्हणजे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होय, आणि आधुनिक वनस्पतिशास्त्राने त्याची उकल करण्यास बरीच मदत केली आहे.

कोरडेपणाशी झुंजण्याच्या रीती

पाण्याचा तुटवडा ही वनस्पतीपुढील अवघड समस्या आहे. अन्न तयार करण्यासाठी तिला हवेतील कर्बवायू घ्यावा लागतो. त्यासाठी पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडावी लागतात आणि छिद्रे उघडली की आतील पाणी वाफ होऊन निघून जाते. उपाशी राहावे की तहानेने मरावे, असा हा पेच आहे. माळावरील प्रत्येक वनस्पतीने तो आपल्या परीने सोडवला आहे.

काहींनी पानेच टाकून दिली. नेपती, म्हणजे आपला करीर, जवळजवळ निष्पर्ण राहतो आणि हिरव्या फांद्यांतूनच अन्न तयार करतो. शतावरीची जी बारीक पाने आपण समजतो, ती खरे तर रूपांतरित फांद्या आहेत. सालई आणि गुग्गुळ उन्हाळ्यात पर्णहीन होतात. गुग्गुळाची कागदासारखी साल सोलली की खाली हिरवा थर दिसतो, म्हणजे पाने नसतानाही त्याचे काम थोडेफार चालू असते. काहींनी मुळे खोल नेली. शमी, हिवर, बोर ही झाडे वरून खुरटी दिसतात, पण त्यांची मुळे जमिनीत फार खोलवर ओल शोधत गेलेली असतात. काहींनी साठवणीचा मार्ग धरला. शतावरी मुळांत, निवडुंग खोडात, कोरफड पानांत पाणी राखून ठेवते. रुईने पानांवर मेणाचा आणि लवेचा थर चढवला. पुनर्नव्याने तर वरचे सारे अंग वाळू दिले आणि मुळाच्या आधाराने पहिल्या पावसाची वाट पाहण्याचे ठरवले.

आपल्या पूर्वसूरींनी हे सारे पाहिले होते, याची साक्ष निघंटूंतील नावे देतात. जी वाळूनही पुन्हा नवी होते ती पुनर्नवा. जी तोडली तरी पुन्हा रुजते ती छिन्नरुहा, म्हणजे गुळवेल. जिच्या मुळांची गणती करू नये ती शतमूली. सांध्यासांध्यांची साखळी असलेली अस्थिशृंखला, म्हणजे कांडवेल. तिचे सुटे कांडे कोरड्या जागी पडून राहिले तरी बराच काळ जीव धरते. ही नावे कवींनी दिलेली नाहीत. माळावर उभे राहून, ऋतुचक्र पुरते पाहून ती ठेवलेली आहेत.

ऋतूंप्रमाणे द्रव्यग्रहण करण्याचा नियमही याच निरीक्षणातून आलेला दिसतो. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडल्यावर घ्यावीत. त्वचा, कंद आणि क्षीर शरदात घ्यावे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात घ्यावीत. वनस्पतीचे धन ज्या ऋतूत ज्या कोठारात असते, त्या ऋतूत ते कोठार उघडावे, असा याचा सरळ अर्थ आहे. भर पावसात खणलेली शतावरी वजनाला भरते, पण त्या वजनात पाणी किती याचा हिशेब व्यापारी मांडत नाही आणि आपणही विचारत नाही.

सकाळचा रस, संध्याकाळचा रस

कोरड्या देशातील मांसल वनस्पतींची एक रीत मात्र विशेष आहे आणि तिचा शोध भारतात, तोही जिभेने लागला, ही गोष्ट प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावी अशी आहे. कंपनी सरकारच्या सेवेत असलेले बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी पान चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्याला आढळले. त्याचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली प्रसिद्ध केले.

त्याचे कारण पुढे उलगडले. या वनस्पती दिवसा छिद्रे मिटून घेतात आणि रात्री, हवा गार असताना उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू त्या आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून पहाटेचे पान आंबट असते. दिवसा छिद्रे बंद ठेवून त्याच आम्लातून कर्बवायू मोकळा करून सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, म्हणून दुपारपर्यंत आंबटपणा ओसरतो. कोरफड, फड्या निवडुंग, घायपात यांची हीच रीत आहे आणि कांडवेलीच्या खोडातही ती आढळते. यामुळे सामान्य वनस्पतींच्या तुलनेत पाण्याचा व्यय कितीतरी पटींनी कमी होतो.

रस हा द्रव्याचा जिभेशी संबंध येताच कळतो, असे आपले शास्त्र सांगते. मग एकाच पानाचा रस प्रहराप्रहराने बदलत असेल, तर ते पान कोणत्या प्रहरी तोडले याची नोंद आपल्या औषधनिर्मितीत असावी की नसावी? स्वरसासाठी कोरफडीची किंवा पानफुटीची ताजी पाने वापरणाऱ्या किती औषधशाळांत ही नोंद होते? आमच्या माहितीत तरी अशी फार थोडी ठिकाणे आहेत. ही परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दवाखान्याच्या दारात पानफुटीची कुंडी असेल, तर उद्याच सकाळी आणि सायंकाळी एकेक लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा.

दिसते तेच असते असे नाही

कोरडेपणा परस्परांशी काहीही नाते नसलेल्या वनस्पतींना एकच पोशाख चढवतो, आणि तेथे औषधनिर्मात्याची फसगत होते. तीनधारी वा चारधारी निवडुंग, म्हणजे आपल्या स्नुहीचे कुळ, एका घराण्याचे आहे. फड्या निवडुंग, ज्याला नागफणी म्हणतात, तो निराळ्या घराण्याचा असून मूळचा अमेरिका खंडातील आहे. तो युरोपीय लोकांच्या आगमनानंतर येथे आला. तेव्हा तो संहितेतील स्नुही असणे शक्यच नाही. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी, दोन्हींचे मराठी नाव निवडुंग. ओळख सोपी आहे. चीर दिली की स्नुहीतून दुधासारखा चीक वाहतो, फड्या निवडुंगातून तसा वाहत नाही. स्नुही आणि अर्क ही दोन्ही द्रव्ये औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. त्यामुळे ही ओळख चुकणे केवळ शास्त्रीय दोष ठरत नाही, तो रुग्णाशी खेळ ठरतो.

दुसरे उदाहरण 'संजीवनी'चे. जत्रांत आणि तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर वाळलेली, मुठीसारखी मिटलेली एक वनस्पती विकली जाते. पाण्यात टाकताच ती उलगडून हिरवी होते आणि पाहणारा थक्क होतो. तिचे ते उलगडणे खरे आहे. पूर्ण वाळूनही जिवंत राहणाऱ्या वनस्पती निसर्गात आहेत आणि आपल्या सह्याद्रीत त्या मुबलक आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या पुढाकाराने अलीकडच्या वर्षांत झालेल्या अभ्यासात पश्चिम घाटातील अशा ६२ प्रजातींची नोंद झाली. त्यापूर्वी येथून अशा जेमतेम नऊ प्रजाती ज्ञात होत्या. उघड्या कातळावर, जिथे माती बोटभरही नसते, तिथे त्या राहतात. हे सारे अद्भुत आहे. परंतु जी वनस्पती स्वतः पाण्याने जिवंत होते, ती मरणासन्न रुग्णालाही उठवील, हा तर्क वैद्याला शोभणारा नाही. असा दावा कोणी आपल्या दवाखान्यात येऊन केला, तर त्याला नम्रपणे नकार देणे हेच शास्त्राचे रक्षण होय.

कष्टात वाढलेले द्रव्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोरड्या जमिनीतील द्रव्य अधिक वीर्यवान का मानले गेले? पाणी तुटले की वनस्पतीची वाढ मंदावते. वाढीसाठी न लागलेला कर्ब ती अनेकदा संरक्षक द्रव्यांकडे वळवते. राळ, डिंक, कडू तत्त्वे, सुगंधी तेले ही तिची ऊन, कीड आणि चरणारी जनावरे यांविरुद्धची शस्त्रे आहेत. आपण ज्यांना औषधी तत्त्वे म्हणतो, त्यांतील पुष्कळशी याच वर्गातील आहेत. सौम्य ताणाखाली त्यांचे प्रमाण वाढल्याचे अनेक वनस्पतींत आढळले आहे. एकूण उत्पन्न मात्र घटते. म्हणजे शेतकऱ्याला वजन हवे असते आणि वैद्याला गुण हवा असतो, आणि या दोहोंत कोरडेपणा उभा आहे.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. प्रत्येक वनस्पतीस हा नियम सारखा लागू नाही. ताण अती झाला तर गुणही ओसरतो. ब्राह्मी, वाळा, नागरमोथा ही द्रव्ये ओलाव्याचीच आहेत, त्यांना माळावर नेणे हा अविचार होईल. प्रत्येक द्रव्याला त्याचा देश असतो, एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

अश्वगंधेचे उदाहरण घ्यावे. हे पीक नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात बेताच्या पावसावर, हलक्या जमिनीत घेतले जाते. पीक तयार होताना जास्तीचा पाऊस झाला तर मुळांची प्रत बिघडते, हे तेथील शेतकरी जाणतात. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधशाळेत एका व्यापाऱ्याकडून अश्वगंधेची पोती आली. मुळे दिसायला जाड व पांढरी होती. भाव थोडा कमी होता म्हणून आम्हीही खूश झालो. कुटताना तंतूच तंतू निघाले आणि नेहमीचा उग्र वासही येईना. चौकशी केली तेव्हा कळले की, माल भरपूर पाण्याच्या जमिनीत, भाज्यांच्या फेरपालटात घेतलेला होता आणि वेळेआधी काढलेला होता. बिलावर वजन होते, दर होता, कर होता. देश मात्र नव्हता. तो विचारला नाही ही चूक आमची होती, आणि ती आम्ही येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

कोरफडीचीही हीच कथा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात अनेक शेतकऱ्यांनी हमीभावाच्या आश्वासनांवर कोरफड आणि सफेद मुसळी लावली. पाणी आणि खत देऊन पाने फुगवली. पुढे कित्येकांचा माल उचलणारे परागंदा झाले आणि शेतकरी बुडाला. आम्हाला त्यात वाईट वाटले ते दोन कारणांनी. एक तर कष्टकरी फसला. दुसरे असे की, त्या साऱ्या उलाढालीत वैद्याला कोणी विचारले नाही आणि वैद्यानेही आपण होऊन सांगितले नाही की, फुगलेले पान हे गुणाचे लक्षण नव्हे.

शिवनेरीचा धडा, गुग्गुळाचा इशारा

आमच्या परिसराला या विषयात एक विशेष मान आहे. जुन्नर परिसरातील डोंगरांतून एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी एक मांसल वनस्पती शास्त्राला परिचित करून दिली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचे 'फ्रेरिया' असे नामकरण केले. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर, जिथे मातीचा नुसता लेप असतो, तिथे ती वाढते. पावसाळ्यात पाने धरते, कोरड्या दिवसांत ती गाळून मांसल खोडावर तग धरते. लालसर चांदणीसारखे तिचे फूल ज्याने पाहिले तो विसरत नाही. जगात ही वनस्पती केवळ सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आहे आणि ती दुर्मीळ व संकटग्रस्त मानली जाते. आठ महिने पाण्यावाचून राहू शकणारी वनस्पती माणसाच्या हातून मात्र वाचत नाही. कोरडेपणाला तोंड देणे आणि उपटले जाणे सोसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गुग्गुळाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी संहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळावर प्रबंध सिद्ध केला आणि जगाचे लक्ष या द्रव्याकडे वळले. पुढे त्याच्या परिणामांविषयी उलटसुलट निष्कर्ष आले. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर अपेक्षित लाभ दिसला नाही. मागणी मात्र वाढतच गेली. राजस्थान-गुजरातच्या शुष्क प्रदेशातील हे झुडूप सावकाश वाढते, चीक देण्याजोगे होण्यास त्याला कित्येक वर्षे लागतात. अधिक चिकाच्या लोभाने खोल व निर्दय चिरा दिल्या की ते झुडूप वाळून जाते. आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' आहे. योगराज, कैशोर, त्रिफळा, सिंहनाद असे किती कल्प या एका झुडपावर उभे आहेत, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. शुष्क देशातील वनस्पती चिवट असते, म्हणून ती अक्षय आहे असे आपण समजलो. ती चिवट असते, पण मंदगती असते. एकदा गेली की परत येण्यास पिढी लागते.

पडीक कोणाचे?

माळ आज तीन वाटांनी जात आहे. यंत्राने सपाट करून, बाहेरची माती टाकून तो शेतीखाली आणला जातो. दगड-मुरमासाठी तो खणला जातो. आणि हिरवळ वाढवण्याच्या सदिच्छेने त्यावर गिरिपुष्प, निलगिरी, सुबाभूळ अशी बाहेरची झाडे लावली जातात. सरकारी पातळीवर २००० सालापासून निघालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत झुडपी रानाची व माळाची गणना पडीकातच झाली. शब्द असा चुकला की पुढचे सारे चुकते. ज्याला पडीक म्हटले, त्याचे काहीही केले तरी ती सुधारणाच वाटते.

आम्ही पाण्याच्या विरुद्ध नाही. घोड नदीवर डिंभे येथे हुतात्मा बाबू गेनू सागर झाला, कालवे निघाले, आणि या भागातील शेतकऱ्याच्या घरात दोन घास सुखाचे आले. ज्या आयांनी डोक्यावर हंडे वाहिले, त्यांना माळाचे माहात्म्य ऐकवण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, जिथे पाणी पोहोचतच नाही आणि पोहोचणारही नाही, असे गायरानाचे व टेकड्यांचे तुकडे तरी आहेत तसे राहू द्यावेत. त्यांवर झाड लावायचेच तर ते खैर, हिवर, बोर, हिंगणबेट, सालई असे त्या मातीचे लावावे आणि गवताला त्याची जागा ठेवावी.

या माळाचा खरा जाणकार अजून आपल्यात आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच म्हटले आहे की, वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या आणि गायी राखणारे जाणतात. सुश्रुतांनीही गोपाल, व्याध, वनचर यांना विचारण्यास सांगितले आहे. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारे धनगर बांधव आपल्या दारावरून जातात. कोणते झुडूप जनावर टाळते, कोणता कंद दुष्काळात माणसाने खाल्ला, कोणत्या ओढ्याच्या काठी अमुक वनस्पती गेल्या दहा वर्षांत दिसेनाशी झाली, हे त्यांना ठाऊक असते. आम्ही पदवीधर त्यांच्याजवळ किती वेळ बसतो? माळ गेला की हा कळप जाईल, आणि कळपाबरोबर ते ज्ञान जाईल.

करण्याजोगे

केवळ खंत व्यक्त करून थांबणे आम्हाला मान्य नाही. म्हणून सभासदांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली सूचना औषधशाळांच्या मालकांसाठी आहे. २००० साली लागू झालेल्या 'अनुसूची टी'मुळे कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे आपल्याला बंधनकारकच आहे. त्याच नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत : देश, काल आणि पाणी. माल कोणत्या तालुक्यातला, कोणत्या महिन्यात काढलेला, कोरडवाहू की बागायती. व्यापारी पहिल्या वेळी हसेल, दुसऱ्या वेळी कुरकुरेल, तिसऱ्या वेळी लिहून देईल. दहा औषधशाळांनी एकाच हंगामात हा आग्रह धरला तर बाजार बदलतो.

दुसरी सूचना भावाची. कोरडवाहू जमिनीत, योग्य ऋतूत काढलेल्या मालाला थोडा अधिक दर द्यावा. ज्याचे वजन कमी भरते त्याला तेवढाच दर देऊन आपण शेतकऱ्याला पाणी वाढवण्यासच सांगत असतो. मात्र अधिक दर देताना मालाची परीक्षाही करावी. श्रद्धेवर पैसे देऊ नयेत.

तिसरी सूचना ग्रामपंचायतीसंबंधी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. गावच्या वैद्याने आपण होऊन त्या समितीकडे जावे आणि माळावरील वनस्पतींची नावे, ऋतू व जागा लिहून द्याव्यात. जे नोंदलेले असते त्याला 'काही नाही' म्हणणे कठीण जाते. २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना या कायद्यातील काही अटींतून सूट मिळाली आहे आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींसाठी याच समितीकडून उत्पत्तीचे प्रमाणपत्र घेण्याची तरतूद झाली आहे. सूट मिळाली म्हणजे जबाबदारी सरली असा अर्थ कोणी घेऊ नये. उलट, ज्याला विचारणारा कोणी नाही त्याने स्वतःला अधिक विचारावे.

चौथी सूचना लेखणीची. गुग्गुळाचे कल्प जिथे खरोखर आवश्यक आहेत तिथेच द्यावेत. सवयीने, प्रत्येक सांधेदुखीला एक ठरलेली गोळी लिहिण्याने एक झुडूप संपत आले आहे. निदान नीट करून औषध निवडणे हा रुग्णाचा हक्क तर आहेच, आता तो त्या झुडपाचाही झाला आहे.

आणि शेवटची सूचना सर्वांसाठी. वर्षातून दोनदा, एकदा भर ग्रीष्मात आणि एकदा पहिल्या पावसानंतर, आपापल्या गावच्या माळावर जावे. बरोबर नव्या वैद्यांना आणि जमल्यास एखाद्या मेंढपाळाला न्यावे. काहीही उपटू नये, केवळ पाहावे, ओळखावे आणि लिहून ठेवावे. दोन भेटींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की, पुनर्नवा हे नाव कसे पडले ते कोणाला शिकवावे लागणार नाही.

अवसरी बुद्रुकच्या माळावर यंदाही वैशाखात तरवड हिरवा राहील. त्याला कोणी पाणी घातलेले नसेल, खत दिलेले नसेल. त्याने आपल्याकडे आजवर काही मागितले नाही. त्याला त्याची जागा राहू द्यावी, एवढेच त्याचे आपल्याकडे येणे आहे, आणि ते फेडणे आपल्या हाती आहे.